संगणकाची खोड आणि पन्हाळ्याचा पायथा : रणनीतीच्या खेळातला शत्रू का हरतो?

१/ मध्ययुगीन लढायांचे संगणकीय खेळ खेळणाऱ्या प्रत्येकाला एक अनुभव येतो. पहिल्या काही डावांत संगणकाची सेना आपला धुव्वा उडवते. मग एके दिवशी तिची खोड लक्षात येते, आणि तीच सेना, तितक्याच संख्येने, दरवेळी हरू लागते. शत्रूची खोड ओळखण्याची ही विद्या आपल्याच मुलखात साडेतीनशे वर्षांपूर्वी रक्ताचे मोल देऊन वापरली गेली. आजचा थ्रेड त्या विद्येविषयी. 🧵

२/ मुलूख म्हणजे वारणेचे खोरे. १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पातून वारणानगरभोवतालच्या सुमारे ७० गावांत संगणक पोहोचले, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली. त्याच वारणानगरच्या नैर्ऋत्येला पन्हाळा उभा आहे. ‘एज ऑफ एम्पायर्स’ किंवा ‘मेडिव्हल टू : टोटल वॉर’मध्ये आपण जे डाव टाकतो, त्यांतले काही या गडाच्या परिसरात खरोखर टाकले गेले.

३/ आधी संगणकाची रीत पाहू. असे बहुतेक प्रतिस्पर्धी ठरावीक नियमांवर चालतात. जवळची दुबळी तुकडी दिसली की तिच्यामागे धावायचे. वाट अरुंद असली तरी घुसायचे. सेनापती पडला की धीर सोडायचा. अनेक खेळांत अवघड पातळी निवडली, तर संगणकाची बुद्धी फारशी वाढत नाही; त्याला फक्त अधिक सोने आणि अधिक सैन्य मिळते. म्हणून संख्येला घाबरणारा खेळाडू हरतो आणि सवय हेरणारा जिंकतो.

४/ पहिला प्रसंग : कोल्हापूर, २८ डिसेंबर १६५९. अफजलखानाचा वध १० नोव्हेंबरचा. त्यानंतर अवघ्या १८ दिवसांत पन्हाळा स्वराज्यात आला. विजापूरने रुस्तुम-ए-जमानला पाठवले. सोबत अफजलखानाचा मुलगा फाजलखान होता. शत्रूचे घोडदळ महाराजांच्या घोडदळाहून बरेच मोठे होते. गड हाती असताना तटाआड बसून राहणे सोपे होते. महाराज मैदानात उतरले.

५/ का उतरले? आदिलशाही फौज दिसायला एक होती, पण ती अनेक सरदारांच्या पथकांची मोट होती. प्रत्येक सरदार आपल्या पथकापुरता पाहणारा. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’त या लढाईची रचना येते. तिथे स्वराज्याच्या सरदारांना प्रतिस्पर्धी नेमून दिलेले दिसतात. नेताजी पालकरांकडे फाजलखान, तर रुस्तुमवर स्वतः महाराज. सिद्दी हिलालसारखा सरदारही स्वराज्याच्या बाजूने लढत होता.

६/ या नेमणुकीचे मर्म असे की सगळ्या पथकांवर एकाच वेळी वेगाने घाला पडला, तर कुणीच कुणाच्या मदतीला जाऊ शकत नाही. मोठी संख्या मग छोट्या-छोट्या एकाकी लढायांत विभागली जाते. रुस्तुमने पळ काढला आणि मोट सुटली. १२ हत्ती व सुमारे २,००० घोडे स्वराज्याच्या हाती लागले. खेळात संगणकाची फौज सेनापतीसोबत कोसळते, ती याच कारणाने : तिला बांधून ठेवणारे दुसरे काहीच नसते.

७/ दुसरा प्रसंग : पन्हाळा, १६६०. या वेळचा शत्रू यंत्रासारखा नव्हता. मार्चपासून सिद्दी जौहरचा वेढा पडला होता. पावसाळा लागला की वेढे ढिले पडतात, हा त्या काळचा अनुभव. जौहरने तो खोटा ठरवला आणि भर पावसात वेढा तसाच आवळून ठेवला. राजापूरच्या इंग्रजांनीही त्याला तोफांची मदत केली. ज्याला ठरीव सवय नाही, अशा शत्रूचे काय करायचे? त्याला एखादी सवय लावायची.

८/ शरणागतीची बोलणी सुरू झाली आणि चार महिने डोळ्यांत तेल घालून जागणारे चौकीपहारे निर्धास्त झाले. १२ जुलैच्या रात्री महाराज सुमारे ६०० मावळ्यांसह गडाबाहेर पडले. परंपरा सांगते की दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेशात शिवा काशीद होते. पाठलाग करणारे त्या पालखीमागे गेले. खेळात आपण एक स्वार आमिष म्हणून पुढे सोडतो आणि संगणक त्याच्यामागे अर्धी फौज पाठवतो. तो स्वार मेला तर आपण दुसरा घडवतो. पन्हाळ्याच्या पायथ्याशी शिवा काशीद यांची समाधी आहे.

९/ चूक कळताच सिद्दी मसूद घोडदळासह मागे लागला. मसाई पठार ओलांडून विशाळगडाकडे जाणाऱ्या वाटेवर घोडखिंड होती. बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे मावळे तिथे थांबले. खिंडीचे गणित सरळ आहे. पाठलाग करणारे हजार असोत वा पाच हजार, एका वेळी लढू शकतात ते पुढच्या रांगेतले मोजकेच. खेळात पुलाच्या तोंडाशी भालाईत उभे करून संगणकाला अडवणाऱ्यांना हे ठाऊक असते.

१०/ मात्र एक फरक आहे. डाव संपला की खेळ आपल्याला किती मारले, किती वाचले याचा हिशेब दाखवतो. घोडखिंडीत शत्रूला हरवायचे नव्हतेच. काही प्रहर मिळवायचे होते. विशाळगडाखालीही सुर्वे आणि दळवी यांची फौज होती, तीही महाराजांना कापून काढायची होती. बाजीप्रभूंनी वेळ मिळवून दिला आणि तेथेच देह ठेवला. पडलेल्यांची संख्या मोजणाऱ्या खेळात हा विजय पराभव म्हणून नोंदला गेला असता. खिंडीचे नाव पावनखिंड झाले.

११/ तिसरा प्रसंग आपल्याला अवघड वाटणारा आहे, पण टाळू नये. १६७३ साली जतजवळच्या उमराणीस सरनोबत प्रतापराव गुजर यांनी बहलोलखानाला पाण्यापासून तोडले. ही खास रणनीती. खान शरण आला आणि प्रतापरावांनी त्याला सोडून दिले. खेळातला शत्रू पुढच्या डावात मागचे काहीच आठवत नाही. खानाला मात्र सर्व आठवत होते. तो पुन्हा स्वराज्यावर चालून आला.

१२/ महाराजांचा ठपका सरनोबतांच्या जिव्हारी लागला. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी गडहिंग्लज भागातील नेसरीच्या खिंडीत, मुख्य फौज मागे ठेवून, ते मोजक्या स्वारांसह खानावर तुटून पडले. स्वतः धरून सात जण, असे परंपरा मानते. कुणीही परतले नाही. ज्या क्षणाची आपण खेळात वाट पाहतो, तो हाच : समोरचा सेनापती एकटा पुढे धावावा. नेसरीत तो क्षण शत्रूला मिळाला. त्या शौर्यापुढे मान झुकवावी, आणि तरीही त्याला डावपेच म्हणू नये. दोन्ही एकाच वेळी करता येते.

१३/ नेसरीची पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. सरनोबत पडले, पण फौज मोडली नाही. आनंदराव यांनी ती सावरली आणि महिनाभरातच बहलोलच्या जहागिरीतील संपगावावर धाड घातली. पुढे हंबीरराव मोहिते सरनोबत झाले. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेकही झाला. कोल्हापूरला रुस्तुम पळताच त्याची फौज विरघळली होती. नेसरीनंतर स्वराज्याची फौज उभी राहिली, कारण ती एका सरदाराची मोट नव्हती. ती राज्याची फौज होती.

१४/ चौथा प्रसंग, लढाई टाळून जिंकण्याचा. कोल्हापूरच्या संभाजीराजांचा पक्ष घेऊन निजाम पुणे प्रांतात शिरला. त्याचे बळ तोफखान्यात होते, आणि तोफखाना हळू चालतो. बाजीराव समोर आलेच नाहीत. त्यांनी निजामाच्याच मुलखात धामधूम उडवली, त्याला मागे धावायला लावले, आणि धावण्यासाठी त्याला जड तोफा मागे ठेवाव्या लागल्या. २८ फेब्रुवारी १७२८ रोजी पालखेडला निजाम पाण्यावाचून कोंडला गेला. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला.

१५/ या विजयाचा धागा पुन्हा आपल्या नदीशी येतो. निजामाचा आधार सुटल्यावर सातारा-कोल्हापूरचा वाद लांबला, पण अखेर १३ एप्रिल १७३१ च्या तहाने वारणा ही दोन छत्रपतींच्या राज्यांमधली सीमा ठरली. बाजीरावांनी निजामाला त्याच्या बळापासून दूर ओढले. संगणकालाही त्याच्या किल्ल्यापासून, तोफांपासून असेच दूर ओढता येते.

१६/ पुढचा डाव मांडाल तेव्हा तीन प्रश्न स्वतःला विचारा. समोरची फौज कशाने बांधलेली आहे? ती कशामागे हमखास धावेल? आणि मला चिडवून कुणी धावायला लावत तर नाही ना? पहिले दोन प्रश्न संगणकाला हरवतील. तिसरा प्रश्न खेळापुरता नाही. फसलेला डाव तुम्ही मागच्या नोंदीवरून पुन्हा सुरू करू शकाल. घोडखिंडीत आणि नेसरीत ती सोय नव्हती.

सवड काढून पन्हाळा ते पावनखिंड ही वाट पावसाळ्यात एकदा चालून पाहा. नकाशावर सपाट दिसणारे अंतर पायांना कळते, तेव्हा त्या रात्रीचा हिशेबही कळतो.

बहुत काय लिहिणे. 🚩