वर्गीकरण कन्व्हेयर, स्वयंचलित

गोदामातील पार्सले पत्त्यानुसार किंवा मागणीनुसार आपोआप वेगळी करणारी सरकत्या पट्ट्यांची यंत्रणा. भिवंडीसारख्या गोदामबहुल भागात ई-व्यापाराबरोबर तिची गरज वाढली.

पार्सल पट्ट्यावर चढताना दोन पार्सलांत ठरावीक अंतर राखले जाते. हे अंतर बिघडले, की पुढचे सारे बिघडते. त्यानंतर स्कॅनर बारकोड वाचतो आणि संगणक त्या पार्सलाचे ठिकाण ठरवतो. पट्ट्याला जोडलेला एन्कोडर पट्टा किती सरकला हे मोजत राहतो. त्यावरून पार्सल कुठे पोचले ते कळते आणि नेमक्या क्षणी ते आपल्या घसरगुंडीत वळवले जाते. पार्सल घसरून मागेपुढे झाल्यास हा हिशेब चुकतो, म्हणून वाटेत प्रकाशसंवेदक त्याची जागा पुन्हा तपासतात.

वळवण्याच्या पद्धती अनेक. खोक्यांसाठी पट्टीवरून आडवे सरकणारे ठोकळे पुरेसे होतात. कलत्या तबकांतून वस्तू एका बाजूला सोडता येतात. कपड्यांच्या मऊ, निसरड्या पिशव्यांना मात्र आडपट्ट्याची रचना सर्वांत भरवशाची: प्रत्येक गाड्यावर प्रवासाच्या दिशेला काटकोनात फिरणारा स्वतंत्र छोटा पट्टा असतो.

बारकोड वाचता आला नाही, तर पार्सल वेगळ्या मार्गिकेत जाते आणि तिथे माणूसच ते हाताळतो. पार्सले चढवणे आणि घसरगुंडीखालची पोती भरणे ही कामेही बहुतेक ठिकाणी कामगारच करतात. त्यांच्या हातांचा वेग यंत्र ठरवते. आराखडा आखताना या गोष्टीचा विचार अगत्याने व्हायला हवा. अपघात टाळण्यासाठी पट्ट्यालगत ओढताच यंत्र थांबवणारी दोरी बसवतात.