हजार जणींचा टाका : अनोळखी सैनिकाला पाठवलेल्या शुभेच्छांचा इतिहास

१/ १९३७ सालचा जपान. रेल्वे स्थानकाबाहेर एक स्त्री पांढऱ्या कापडाची लांब पट्टी घेऊन उभी आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक स्त्रीला ती नम्रपणे विनवते आहे : एक टाका घाला. लाल दोऱ्याची एकच गाठ. अशा हजार गाठी पूर्ण झाल्या की ती पट्टी रणांगणावर निघालेल्या तिच्या मुलाच्या कमरेला बांधली जाणार आहे.

२/ या पट्टीला ‘सेन्निनबारी’ म्हणत, म्हणजे हजार जणींचा टाका. दूरच्या सैनिकाला अनोळखी माणसांनी स्वतःच्या हातांनी बनवलेली शुभेच्छा पाठवावी, ही कल्पना अनेक देशांत आढळते. जपानमध्ये मात्र तिचा प्रवास विलक्षण झाला. घरातून निघालेली ही माया हळूहळू सरकारी कर्तव्य बनली. आजचा धागा त्या प्रवासाविषयी.

३/ या प्रथेची मुळे १८९४-९५ च्या चीन-जपान युद्धापर्यंत नेली जातात. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात ती चांगलीच रुळली. सक्तीच्या सैन्यभरतीमुळे युद्ध आता सामुराईंच्या घराण्यांपुरते राहिले नव्हते. शेतकऱ्याचा, कोष्ट्याचा, दुकानदाराचा मुलगा मांचुरियाच्या थंडीत उभा होता. मागे राहिलेल्यांच्या हाती उरले होते ते कापड, दोरा आणि कागद.

४/ सेन्निनबारीभोवती लोकसमजुतींचे जाळे होते. वाघ हजार कोस जातो आणि तितकेच अंतर कापून परत येतो, अशी तिकडची धारणा. म्हणून व्याघ्रवर्षात जन्मलेल्या स्त्रीला एका टाक्यावर थांबावे लागत नसे. ती आपल्या वयाइतके टाके घालू शके. पुष्कळ पट्ट्यांवर लाल गाठींनी वाघाची आकृतीच उमटवलेली दिसते.

५/ काही पट्ट्यांत पाच सेनचे नाणे शिवलेले असे. जपानी भाषेत ‘शि’ म्हणजे चार आणि ‘शि’ म्हणजेच मृत्यू. ‘शिसेन’ या उच्चाराचे दोन अर्थ होतात : चार सेन आणि मृत्यूची सीमारेषा. पाच सेन म्हणजे ती रेषा ओलांडून सुखरूप पलीकडे गेलेला. शब्दावर केलेली ही कोटी खरी तर एका आईने नियतीशी घातलेली हुज्जत होती.

६/ दुसरी वस्तू ‘इमोनबुकुरो’, म्हणजे सांत्वनाची पिशवी. कापडी पिशवीत साबण, पंचा, तंबाखू, गोळ्या-मिठाई, डबाबंद पदार्थ, देवळातला ताईत, मुलींनी चिंध्यांतून शिवलेली इवलीशी बाहुली अशा वस्तू भरत. ती अमुक एका सैनिकाच्या नावे नसे. आघाडीवर ज्याच्या हाती पडेल तो तिचा धनी.

७/ या पिशवीतला सर्वांत मोलाचा ऐवज म्हणजे शाळकरी मुलांनी काढलेली चित्रे आणि ‘इमोनबुन’, म्हणजे शुभेच्छापत्र. पत्राचा मायना ठरलेला : ‘हेइताई-सान’. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘शिपाईदादा’. सात-आठ वर्षांचे मूल, त्याने कधी न पाहिलेला माणूस आणि दोघांमध्ये एक समुद्र. त्यावरचा पूल म्हणजे खडूने रंगवलेला एक कागद.

८/ आता संघटनांकडे वळू. १९०१ साली ओकुमुरा इओको यांनी ‘आइकोकू फुजिनकाई’, म्हणजे देशभक्त महिला संघ स्थापन केला. तो प्रामुख्याने वरच्या वर्गातील स्त्रियांचा होता. १९३२ साली ओसाकात ‘कोकुबो फुजिनकाई’ हा राष्ट्रसंरक्षण महिला संघ उदयास आला. निघालेल्या सैनिकांना चहा पाजणाऱ्या सामान्य गृहिणींपासून त्याची सुरुवात झाली. स्वयंपाकघरातला पांढरा झगा हाच त्यांचा गणवेश, म्हणून गरीब स्त्रीलाही त्यात संकोच वाटत नसे.

९/ जुलै १९३७ मध्ये चीनशी पूर्ण युद्ध पेटले आणि या प्रथांना पूर आला. पिशव्या गोळा करणे हे महिला संघांचे, शाळांचे नि गावांचे नित्यकर्म झाले. १९४० साली शेजारगटांची, म्हणजे ‘तोनारिगुमी’ची देशव्यापी व्यवस्था अधिकृत झाली. मोजक्या घरांचा एक गट. शिधावाटपापासून वर्गणीपर्यंत सारे त्याच्यामार्फत होई. कोणी पिशवी दिली आणि कोणी दिली नाही, हे आता सर्वांच्या डोळ्यांसमोर होते.

१०/ बाजारही मागे राहिला नाही. मोठ्या शहरांतील डिपार्टमेंट स्टोअर्स तयार पिशव्या विकू लागली. पैसे मोजले की पिशवी परस्पर रवाना! सोय मोठी होती. पण त्या पिशवीत देणाऱ्याचा हात कोठे होता? विकतची पिशवी आणि घरी भरलेली पिशवी उघडणाऱ्याला सहज ओळखू येत असणार.

११/ पत्रांचेही तेच झाले. नमुना पत्रांची पुस्तके निघाली. ऋतूचे वर्णन, सैनिकाचे आभार, ‘आम्हीही घरी नेटाने कष्ट करतो आहोत’ ही ग्वाही आणि विजयाची प्रार्थना, असा साचा. आईला सारखे रडू येते, भात पुरत नाही, मोठा भाऊ परत यावा असे वाटते, ही वाक्ये त्या साच्यात बसणारी नव्हती.

१२/ येथे एक समांतर कथा लक्षात घ्यावी. त्याच काळात काही शिक्षक ‘सेइकात्सु त्सुझुरिकाता’, म्हणजे जीवनलेखनाची चळवळ चालवत होते. मुलांनी आपले रोजचे जगणे आपल्याच शब्दांत लिहावे, एवढेच त्यांचे म्हणणे. शेतकऱ्याची मुले दारिद्र्याबद्दल लिहू लागली. १९४० साली यामागाता प्रांतातील शिक्षक मुरायामा तोशितारो यांना अटक झाली आणि पुढे अनेक शिक्षकांवर अटकेची पाळी आली. मुलाने खरे वाक्य लिहिणे राजसत्तेला धोक्याचे वाटले!

१३/ आघाडीवर मात्र ही पत्रे वाचली जात. काही सैनिक उत्तरे लिहीत आणि शाळेतील एखाद्या मुलीशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू होई. अर्थात ही उत्तरेही तपासनिसाच्या नजरेखालून जात. सेन्निनबारीची एक अडचणही सैनिकांनी सांगून ठेवली आहे. कमरेच्या घट्ट पट्टीत उवा होत. हजार शुभेच्छा अंगावर आणि रात्रभर खाज! तरीही कित्येकांनी ती सोडली नाही.

१४/ एक कटू सत्य येथे टाळता येणार नाही. या पिशव्या ज्या सैन्याकडे जात होत्या, त्याच सैन्याने डिसेंबर १९३७ मध्ये नानजिंग घेतले आणि तेथे कैद्यांची व नागरिकांची भीषण कत्तल केली. चित्र रंगवणारे मूल निष्पाप होते. ते ज्याच्या कामी आले ते युद्ध निष्पाप नव्हते. इतिहास वाचताना या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात बाळगाव्या लागतात.

१५/ या कथेचा एक धागा आपल्यापर्यंत पोहोचतो. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधील सांगशाक येथे जपानी ३१ व्या डिव्हिजनच्या सैन्याला रोखून धरणाऱ्यांत ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. जपानी सेना जेमतेम तीन आठवड्यांच्या शिध्यावर या मोहिमेत उतरली होती. पुढे इंफाळ-कोहिमाच्या डोंगरांत भूक आणि रोगराई यांनी तिचा घास घेतला. अन्नच पोहोचत नव्हते, तेथे सांत्वनाच्या पिशव्या कोठून पोहोचणार?

१६/ तिसरी वस्तू ‘योसेगाकी हिनोमारू’. सैनिक निघताना नातलग, शेजारी, शाळासोबती आणि सहकारी राष्ट्रध्वजावर लाल सूर्याभोवती शाईने आपली नावे व सदिच्छा लिहीत. ‘बु-उन चोक्यू’, म्हणजे रणभाग्य अखंड राहो, हे शब्द बहुतेक ध्वजांवर दिसतात. सैनिक तो घडी करून गणवेशाखाली जपून ठेवी. साऱ्या गावाने मिळून लिहिलेले ते एक शुभेच्छापत्रच होते.

१७/ मृत सैनिकांच्या अंगावरून हे ध्वज आणि सेन्निनबारी मित्रराष्ट्रांच्या सैनिकांनी स्मृतिचिन्हे म्हणून उचलली. ती अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया येथील घरांच्या माळ्यांवर दशकानुदशके पडून राहिली. अलीकडे अमेरिकेतील ओबोन सोसायटी ही संस्था ध्वजावरील नावांचा माग काढून ते मूळ कुटुंबांकडे परत पाठवते. ज्यांचा माणूस परतला नाही, त्याची अस्थीही परतली नाही, अशा घरी तो कापडाचा तुकडाच त्याच्या जागी येतो.

१८/ आपल्याकडेही राखीपौर्णिमेला अनेक शाळांतून राख्या आणि हाताने रंगवलेली शुभेच्छापत्रे जवानांसाठी जातात. ‘५६ एपीओ’ आणि ‘९९ एपीओ’ हे लष्करी टपालाचे पत्ते आपल्या परिचयाचे आहेत. जवान नेमका कोठे आहे हे पत्त्यावरून कळत नाही. पत्र मात्र पोहोचते.

१९/ आपल्या वर्गात अशी पत्रे लिहिली जात असतील, तर जपानच्या या इतिहासातून एक गोष्ट घ्यावी. फळ्यावरचे वाक्य उतरवून काढू नये. आपल्या गावात यंदा पाऊस कसा झाला, घरच्या मांजरीला किती पिल्ले झाली, गणितात किती गुण पडले, ते लिहावे. दूर चौकीवर बसलेल्या माणसाला घोषणा पुष्कळ ऐकू येतात. घरची खबर क्वचित मिळते.