अपत्याचा ताबा : पालकाचे स्थलांतर (कोल्हापूर)

विभक्त पालकांपैकी एकजण अज्ञान मुलाला घेऊन परगावी राहायला गेल्यास दुसऱ्याचा ताबा किंवा भेटीचा हक्क राखण्याची न्यायालयीन व्यवस्था. अशा स्थलांतरासाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. भिस्त मुख्यतः पालक व पाल्य अधिनियम, 1890 आणि हिंदूंच्या बाबतीत 1956च्या अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमावर. या दुसऱ्या अधिनियमानुसार पाच वर्षांखालील मूल साधारणतः आईकडे राहते. प्रस्तुत नोंद मंगळवार पेठेत राहणारा पालक दावा करू पाहतो, असे धरून केली आहे.

मंगळवार पेठ : खासबाग मैदान व मिरजकर तिकटीच्या आसपासची जुनी, तालमींची वस्ती.

अधिकारक्षेत्र : 1890च्या अधिनियमाच्या कलम 9नुसार मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयात अर्ज करावा लागतो. हे ‘सामान्यतः’ म्हणजे काय, यावरच निम्मी लढाई होते. तो वस्तुस्थितीचा प्रश्न असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली म्हटले. मे महिन्याच्या सुट्टीला म्हणून आजोळी नेलेले मूल जूनमध्ये तिथल्याच शाळेत बसले, तर मागे राहिलेल्या पालकाने लवकर अर्ज करणे शहाणपणाचे. शाळेचा हजेरीपट जितका लांबतो तितके नवे गाव मुलाचे ‘राहते’ ठरू लागते. दाखला अडवून धरण्याचा उपाय पहिली ते आठवीपर्यंत चालत नाही. 2009च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 5नुसार शाळेने तो तत्काळ द्यायचा असतो, आणि तो नाही म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

सीमाभाग : कोल्हापूरच्या दाव्यांत अंतरापेक्षा राज्याची हद्द महत्त्वाची. निपाणी जेमतेम 40 किलोमीटर, सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्यांच्या. पण 1956च्या राज्यपुनर्रचनेत निपाणी म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेली. हिंदू विवाह अधिनियमातील 2003च्या दुरुस्तीमुळे पत्नीला स्वतःच्या राहत्या ठिकाणीही घटस्फोटाचा अर्ज करता येतो, आणि तेच न्यायालय कलम 26खाली मुलाच्या ताब्याचा आदेश देऊ शकते. नवऱ्याचा अर्ज कोल्हापुरात आणि बायकोचा कर्नाटकात, अशा वेळी दोन्ही एकत्र आणण्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 25खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जावे लागते. मूल सांगलीला वा पुण्याला नेले असते तर हेच काम मुंबई उच्च न्यायालयात भागले असते. निपाणीला एस.टी.ने तासाभरात पोहोचणाऱ्याला तारखेसाठी दिल्ली गाठावी लागते, ही विसंगती कायद्याच्या पुस्तकांत क्वचितच नोंदलेली दिसते.

अपील : कौटुंबिक न्यायालयाच्या अंतिम निकालावर 30 दिवसांत उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे. यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. 18 ऑगस्ट 2025पासून कोल्हापुरातच भाऊसिंगजी रस्त्यावरील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसू लागले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत येतात.

पोलीस व फौजदारी बाजू : ताब्याबाबत न्यायालयाचा मनाई हुकूम नसताना जन्मदात्या वडिलांनी मूल आईकडून नेणे हे अपहरण नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2023 साली ठरवले. सर्व परिस्थितींना ते लागू होईलच असे नाही. ताबा बेकायदा असल्यास बंदिप्रत्यक्षीकरणाची याचिका चालू शकते (सर्वोच्च न्यायालय, 2019).

आदेशातील अटी : न्यायालयाने नेमलेल्या पालकाला परवानगीविना पाल्यास हद्दीबाहेर नेता येत नाही (1890, कलम 26). नैसर्गिक पालकावर हे बंधन आपोआप येत नाही. म्हणून पत्ता बदलण्यापूर्वी कळवणे, सुट्ट्यांची वाटणी, प्रवासखर्च कोणी सोसायचा, या गोष्टी हुकूमनाम्यात लिहून घ्याव्या लागतात. ताबा न मिळालेल्या पालकाला विशेष कारण नसल्यास रोज पाच-दहा मिनिटे मुलाशी बोलता यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली म्हटले. आदेश मोडल्यास दरखास्त किंवा अवमान अर्ज.

परदेश : आंतरराष्ट्रीय बालअपहरणाविषयीच्या 1980च्या हेग करारात भारत सामील नाही. विधी आयोगाने 2009च्या 218व्या अहवालात सामील होण्याची शिफारस केली होती. सामील व्हावे की नाही, यावर मतभेद कायम आहेत. पासपोर्ट न्यायालयात जमा करण्याची मागणी करता येते.

मुलाचे मत : समजत्या वयाचे असल्यास विचारात घेता येते (1890, कलम 17).