मराठी नाटक व कथासाहित्यातील वृद्धांचे एकाकीपण

मराठी नाटक, कथा आणि चित्रपट यांत वृद्धांचे एकाकीपण हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सातत्याने हाताळला गेलेला विषय आहे. वि. वा. शिरवाडकर यांचे नटसम्राट, जयवंत दळवी यांचे संध्याछाया आणि महेश एलकुंचवार यांचे वाडा चिरेबंदी ही या विषयाशी निगडित असलेली प्रमुख नाटके होत. या कलाकृतींतील वृद्ध माणसे क्वचितच पूर्णपणे एकटी राहतात. बहुतेक जण भरल्या घरात, निदान जोडीदारासोबत असतात. त्यांच्या वाट्याला येणारे एकाकीपण माणसांच्या अभावापेक्षा ऐकणाऱ्याच्या अभावातून आलेले आहे.

पार्श्वभूमी

म्हातारपणाचे वर्णन मराठीला नवे नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात जन्म, मृत्यू, जरा व व्याधी यांतील दोषांचे दर्शन सांगताना देहाची जीर्णावस्था अतिशय तपशिलाने रंगवलेली आहे. मात्र तेथे हेतू वैराग्याचा आहे. ज्याला म्हातारपण येणार आहे त्याने आधीच सावध व्हावे, असा तो उपदेश आहे. वृद्धाच्या मनात काय चालले आहे, हा प्रश्न आधुनिक साहित्याचा.

हा प्रश्न ऐरणीवर येण्यामागे नोकरी, निवृत्ती आणि स्थलांतर ही कारणे दिसतात. शेतीवर जगणाऱ्या कुटुंबात निवृत्तीचा ठरलेला दिवस नसतो. कारभार हळूहळू हातातून जातो. पगारदार मध्यमवर्गात मात्र एका तारखेला माणसाचे काम आणि अधिकार दोन्ही संपतात, आणि त्याच सुमारास मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी दूर गेलेली असतात. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. त्याआधी, २००७ मध्ये, आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाची जबाबदारी मुलांवर टाकणारा केंद्रीय कायदा संमत झाला. कायद्याने चरितार्थाची रक्कम ठरवता येते. संवाद त्याच्या कक्षेत येत नाही. या उरलेल्या भागावर मराठी नाटककारांनी या कायद्याच्या कितीतरी आधी लिहिले होते.

नटसम्राट

नटसम्राट या नाटकाचा पहिला प्रयोग दि गोवा हिंदू असोसिएशनने २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईत केला. दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर हे मूळचे नागपूरच्या रंगभूमीवरील कार्यकर्ते होते. गणपतराव बेलवलकरांची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी, तर कावेरीची भूमिका शांता जोग यांनी केली. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त आदी नटांनी ही भूमिका केली. या नाटकासाठी शिरवाडकरांना १९७४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

कथानकाचा सांगाडा शेक्सपिअरच्या किंग लिअरवरून सुचलेला आहे. निवृत्त नट आपली सर्व मालमत्ता मुलांना वाटून टाकतो, आधी मुलाकडे व मग मुलीकडे राहतो, दोन्हीकडे अडगळ ठरतो आणि चोरीचा आळ आल्यावर पत्नीसह घर सोडतो. लिअरशी असलेले साम्य येथपर्यंतचे. लिअरला राज्य गमवावे लागते. बेलवलकरांना प्रेक्षक गमवावा लागतो. आयुष्यभर हजारो लोकांनी ज्याचा शब्द कान देऊन ऐकला, त्याचे बोलणे घरात मात्र मोठ्याने बोलण्याची वाईट खोड ठरते. नात हीच त्या घरातली त्याची एकमेव श्रोती असते आणि तिच्यावरूनच खटके उडतात. नाटकातील प्रसिद्ध स्वगते भाषावैभवासाठी वाखाणली जातात. परंतु स्वगत म्हणजे समोर कोणी नसताना केलेले भाषण, हे ध्यानात घेतले की त्यांचा अर्थ अधिक गडद होतो. अखेरच्या भागात रस्त्यावर बूटपॉलिश करणारा राजा त्यांना सांभाळतो. रक्ताचे नाते नसलेल्या पोराला ऐकायला सवड आहे, हा या नाटकातील कडवट विरोध आहे.

नाटकाचा प्रभाव इतका मोठा की नंतरच्या काळात ‘कृतघ्न मुले आणि सोशिक आईबाप’ अशा साच्याचे श्रेय वा दोष त्याच्याकडे जातो. वास्तविक शिरवाडकरांनी बेलवलकरांचा अहंकार, बेफिकिरी आणि दुसऱ्याच्या संसारात न मावणारी रंगेल भाषा यांवर पांघरूण घातलेले नाही. सुनेचीही एक बाजू आहे आणि ती नाटकात ऐकू येते.

संध्याछाया

सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आलेल्या संध्याछाया या नाटकात हा साचा पूर्णपणे बाजूला ठेवलेला आहे. नानी आणि नाना या भूमिका विजया मेहता व माधव वाटवे यांनी केल्या. या दांपत्याचा एक मुलगा अमेरिकेत, दुसरा संरक्षण दलात. दोघांपैकी एकही वाईट नाही. त्यांनी आईवडिलांना घराबाहेर काढलेले नाही, पैशासाठी छळलेले नाही. ते फक्त तेथे नाहीत.

दळवींनी हे एकाकीपण भाषणबाजीतून न सांगता दिनक्रमातून उभे केले आहे. पत्राची वाट पाहणे, अनोळखी माणसालाही गप्पांसाठी धरून ठेवणे, त्याच त्या गोष्टींवरून एकमेकांशी लटके भांडणे असा वेळ घालवण्याचा हा व्यवहार आरंभी हसवतो. पहिल्या अंकातील हशा पुढे प्रेक्षकांनाच टोचू लागतो. धाकटा मुलगा युद्धात मरण पावतो आणि वाट पाहण्याचे कारणच संपते. नाटकाचा शेवट वृद्ध दांपत्याच्या आत्मघाताकडे जातो. हा शेवट निराशावादी वाटणे स्वाभाविक आहे. तथापि दोषी कोणीच नसताना ही वेळ यावी, हेच या नाटकाचे खरे धारिष्ट्य होय. नटसम्राट पाहून प्रेक्षक कोणाला तरी दूषणे देत घरी जाऊ शकतो. संध्याछाया पाहून ती सोय उरत नाही.

वाडा चिरेबंदी आणि विदर्भ

महेश एलकुंचवार (जन्म १९३९) यांचा जन्म यवतमाळ जिल्ह्यातील पारवा येथला व वास्तव्य नागपूरचे. कलावैभव संस्थेने १९८५ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केलेल्या वाडा चिरेबंदीमध्ये धरणगावकर देशपांडे घराण्याची पडझड आहे. घरातील कर्ता पुरुष तात्याजी वारलेला आहे आणि दिवसकार्यासाठी मुंबईचा मुलगा सुधीर पत्नीसह आला आहे. तात्याजींची वयोवृद्ध आई, दादी, अद्याप हयात आहे. मुलगा गेल्याची तिला उमज नाही. ती त्याला हाका मारते आणि वेळ विचारत राहते. तिच्या वाट्याला आलेला संवाद जवळपास एवढाच. घरातले कोणी उत्तर देते, कोणी देत नाही, आणि उत्तर मिळाले तरी काही वेळाने प्रश्न पुन्हा येतो. अंगणात गंजत पडलेल्या ट्रॅक्टरइतकीच दादीची हाक त्या वाड्याचा भाग झालेली आहे. बेलवलकरांना लांबलचक स्वगते देणारी मराठी रंगभूमी म्हाताऱ्या स्त्रीला एक प्रश्न देते, हा फरक केवळ शैलीचा नाही. घरात कोणाचे किती ऐकले जाई, याचेही ते माप आहे.

एलकुंचवारांच्याच आत्मकथा या नाटकातील वृद्ध लेखक अनंतराव राजाध्यक्ष यांना श्रोता मिळालेला आहे. प्रज्ञा ही तरुण अभ्यासक त्यांचे आत्मचरित्र उतरवून घेते. पण ऐकणारी व्यक्ती प्रश्नही विचारते, तेव्हा सांगणाऱ्याची आयुष्यभराची सोयीस्कर आवृत्ती ढासळू लागते.

वाड्यांची ही गावे मागे पडली, तसे वृद्धांचे पत्तेही बदलले. नागपूरच्या दक्षिणेस असलेल्या बेसा, बेलतरोडी, मनीषनगर या पट्ट्यात पूर्वीच्या शेतजमिनींवर निवासी संकुले उभी राहिली आहेत. निवृत्तीनंतर तेथे सदनिका घेतलेले दांपत्य आणि पुण्यात, बंगळुरात किंवा परदेशात असलेली मुले ही तेथील अपरिचित गोष्ट नव्हे. सुधीर मुंबईहून निदान दिवसकार्याला येऊन काही दिवस राहिला होता. आता रोज संध्याकाळी पडद्यावर भेट होते. या नव्या घराचे नाटक दळवींच्या जवळचे आहे, एलकुंचवारांच्या वाड्याचे नव्हे.

कथात्म गद्य

पु. ल. देशपांडे यांच्या व्यक्ती आणि वल्ली या पुस्तकातील (साहित्य अकादमी पुरस्कार, १९६५) अंतू बर्वा हा रत्नागिरीचा विधुर म्हातारा बहुतेकांना तिरकस बोलण्यासाठी आठवतो. त्याच्याभोवती समवयस्कांचे कोंडाळे असल्याने तो वरकरणी एकटा नाही. पत्नी गेल्यापासून दारचा हापूस मोहरला नसल्याचा उल्लेख येतो, तेव्हा तो तिरकसपणा कशावरचे आवरण होता ते कळते.

इतर भारतीय भाषांतही याला समांतर कथा आहेत. गुजरातीत धूमकेतूंच्या ‘पोस्ट ऑफिस’मधील अली मुलीच्या पत्रासाठी रोज टपाल कचेरीत येतो. हिंदीत उषा प्रियंवदा यांच्या ‘वापसी’तील निवृत्त रेल्वे कर्मचारी गजाधरबाबू स्वतःच्याच घरात पाहुणे ठरतात आणि पुन्हा नोकरीवर निघून जातात. संध्याछायातील नाना-नानींशी अलीचे, तर बेलवलकरांशी गजाधरबाबूंचे नाते सहज जुळते.

चित्रपट

राजा परांजपे यांच्या ऊन पाऊस (१९५४) या चित्रपटात मुलांमुळे ताटातूट झालेले वृद्ध शिक्षक दांपत्य आहे. कन्नड चित्रपट स्कूल मास्टर (१९५८) त्यावरून निघाला. संजय सूरकर यांच्या तू तिथं मी (१९९८) मध्ये मोहन जोशी व सुहास जोशी यांनी मुलांच्या घरी विभागून राहावे लागलेले पतिपत्नी साकारले. हे चित्रपट परिणामकारक असले तरी दोष मुलांच्या पदरात टाकण्याकडे त्यांचा कल आहे. दळवींच्या दुर्गी या नाटकावर आधारित, बिपिन नाडकर्णी दिग्दर्शित उत्तरायणमध्ये उतारवयातील सोबतीचा विचार केला आहे. त्यात शिवाजी साटम व नीना कुळकर्णी यांच्या भूमिका आहेत. नटसम्राटवरील चित्रपट महेश मांजरेकर यांनी दिग्दर्शित केला (२०१६). नाना पाटेकर यांनी बेलवलकरांची भूमिका केली.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या अस्तु (२०१३) या चित्रपटात मोहन आगाशे यांनी स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री रंगवले आहेत. रस्त्यात दिसलेल्या हत्तीमागे ते निघून जातात आणि माहुताच्या कुटुंबात पोहोचतात. माहुताच्या बायकोला, चन्नम्माला, त्यांची विद्वत्ता ठाऊक नाही; तिची कानडी वळणाची बोलीही त्यांच्या पोथ्यांतली नाही. ती त्यांना लहान मुलासारखे जेवू घालते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचा, तर संवादलेखनासाठी सुमित्रा भावे यांना राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला.