२५चा आकडा : ई-बाईकच्या वेगमर्यादेमागचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

१/ १७ ऑगस्ट १८९६. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात मोटारगाडीच्या प्रात्यक्षिक फेऱ्या चालू होत्या. ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची महिला त्यांतल्या एका गाडीखाली सापडून मरण पावली. मोटारीच्या धडकेने ब्रिटनमध्ये मृत्यू पावलेली पहिली पादचारी म्हणून इतिहासात तिची नोंद आहे.

२/ चौकशीत एक प्रश्न कळीचा ठरला. ती गाडी ताशी ८ मैल धावू शकत होती, पण तिचा वेग मुद्दाम ४ मैलांवर रोखला होता. चालकाने यंत्रणेत फेरफार करून वेग वाढवला, असे गाडीतील एका तरुणीने सांगितले. दुसऱ्या चालकाने गाडी तपासली व ती साडेचार मैलांपुढे जाऊच शकत नाही, अशी साक्ष दिली. निकाल लागला अपघाती मृत्यूचा.

३/ वेगाला घातलेला बांध कोणी काढला, हा वाद म्हणजे मोटारीइतकाच जुना. आज तो काशिमिऱ्याच्या नाक्यावर आणि मीरा रोड स्थानकाबाहेर पुन्हा उभा आहे. फक्त गाडी बदलली आहे. नंबरप्लेट नसलेली ई-बाईक ताशी २५ किमीला बांधलेली असते, आणि अनेक स्वस्त गाड्यांत ते ‘लॉक’ काढायला कंट्रोलरची एखादी वायर पुरते.

४/ पण २५च का? त्यासाठी आधी मागे जायला हवे. १८६५च्या ब्रिटिश कायद्याने रस्त्यावरील वाफेच्या इंजिनांना गावाबाहेर ताशी ४ मैल आणि वस्तीत २ मैल एवढीच मुभा दिली. शिवाय ६० यार्ड पुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालत असला पाहिजे! घोडे बुजू नयेत, हा त्यामागचा एक हेतू.

५/ १८९६च्या कायद्याने हलक्या गाड्यांना या जाचातून सोडवले. कमाल मर्यादा १४ मैल झाली. १९०३मध्ये ती २० मैलांवर (सुमारे ३२ किमी) गेली. मात्र त्याच कायद्याने गाडीला नोंदणी क्रमांक आणि चालकाला परवाना सक्तीचा केला. म्हणजेच वेग वाढवून मिळाला, पण त्याच्या बदल्यात गाडीला ओळख द्यावी लागली. पुढचा सारा इतिहास या व्यवहाराचा आहे.

६/ मर्यादा काढून टाकण्याचा प्रयोगही झालेला आहे. २० मैलांची मर्यादा कोणी पाळत नाही, त्यामुळे कायद्याचेच हसे होते, हा युक्तिवाद मान्य करून ब्रिटनने १९३०च्या कायद्याने मोटारींची वेगमर्यादा रद्द केली. त्याच कायद्याने तृतीय पक्षाच्या विम्याची सक्ती आणली, हेही लक्षात ठेवावे.

७/ १९३४मध्ये तेथील रस्त्यांवर ७,३४३ माणसे मरण पावली. गाड्यांची संख्याही वाढत होती, त्यामुळे सारा दोष एका कलमावर टाकता येत नाही. तरीही संसदेने माघार घेतली आणि १८ मार्च १९३५पासून वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा पुन्हा लागू झाली. ‘कोणी पाळत नाही, म्हणून काढून टाका’ या युक्तिवादाचे आयुष्य पाच वर्षांहून कमी ठरले.

८/ भारतात १९१४, १९३९ आणि १९८८ असे मोटार वाहन कायदे झाले. १९३९च्या कायद्यातील विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६पासून लागू झाले. १९८८च्या कायद्याने मात्र एक फट ठेवली : चारपेक्षा कमी चाके आणि अगदी लहान इंजिन असलेले वाहन ‘मोटार वाहन’ नव्हेच. ही मर्यादा आधी ३५ सीसी होती, १९९४च्या दुरुस्तीने ती २५ सीसी झाली.

९/ १९७२मध्ये बाजारात आलेली पुण्याच्या कायनेटिकची लुना या फटीत बसत नव्हती. पायडल असूनही ५० सीसी असल्याने तिला नोंदणीही लागे आणि परवानाही. ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवाना मात्र सोळाव्या वर्षी मिळे. सायकल आणि मोटारसायकल यांच्यामधली ती एक पायरी होती.

१०/ विजेच्या मोटारीला सीसी नसतात. मग सायकल कुठे संपते आणि वाहन कुठे सुरू होते? केंद्रीय मोटार वाहन नियमांनी उत्तर दिले : मोटारीची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी, आणि दुचाकीचे बॅटरीविना वजन ६० किलोपर्यंत. २५० वॉट म्हणजे एका अश्वशक्तीचा जेमतेम तिसरा हिस्सा.

११/ हा आकडा एकट्या भारताचा नाही. पश्चिम जर्मनीने १९६५मध्ये ‘मोफा’ हा ताशी २५ किमीच्या मोपेडचा वर्ग निर्माण केला. तिथल्या पोरांनी लगेच त्यांचे वेग वाढवायला सुरुवात केली. या उद्योगाला जर्मन बोलीत ‘केस सजवणे’ या अर्थाचे क्रियापद रूढ झाले. युरोपीय संघाच्या २००२च्या निर्देशातही विद्युत-साहाय्य असलेल्या सायकलींसाठी २५० वॉट आणि २५ किमी हेच आकडे आहेत.

१२/ मे २०२२मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी बेकायदा फेरफार केलेल्या ई-बाईकविरुद्ध तपासणीचे आदेश दिले. रोख केवळ चालकांवर नव्हता, उत्पादक आणि विक्रेत्यांवरही होता. त्याच सुमारास ई-स्कूटरना आगी लागण्याच्या घटना देशभर गाजत होत्या.

१३/ मर्यादा काढा म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. काशिमिऱ्याहून जाणाऱ्या महामार्गावर ट्रकांच्या गर्दीत ताशी २५ने जाणारा डिलिव्हरीवाला स्वतःच धोक्यात असतो, आणि त्याची कमाई फेऱ्यांवर ठरते. पण वेग दुप्पट झाला की धडकेतील ऊर्जा चौपट होते. ब्रेक आणि टायर मात्र २५च्याच हिशेबाचे राहतात.

१४/ त्याहून मोठी गोष्ट कायद्याची. ‘लॉक’ काढले त्या क्षणी ती गाडी मोटार वाहन ठरते : नोंदणी नसलेले, विमा नसलेले. उद्या भाईंदरच्या गल्लीत एखादी आजी तिच्या धडकेने जायबंदी झाली, तर भरपाई देणारी विमा कंपनीच नसते. तो भार चालवणाऱ्या पोराच्या खिशावर येतो, आणि तो खिसा रिकामा असेल तर आजीच्या पदरी काहीच पडत नाही.

१५/ २०२५मध्ये मीरा-भाईंदरला ‘एमएच ५८’ हा स्वतःचा क्रमांक मिळाला. त्याआधी इथल्या गाड्या ठाण्याच्या ‘एमएच ०४’ने ओळखल्या जात. आणि २०२४मध्ये लुना विजेवर परत आली, ताशी ५० किमी वेगाची आणि रीतसर नोंदणीची. ज्याला जास्त वेग हवा आहे, त्याला १९०३पासून हाच रस्ता खुला आहे : हिरवी नंबरप्लेट, परवाना आणि विमा. ताशी २५ची सवलत ही सायकलसाठी होती. (समाप्त)