मानसोपचारातील रुग्णसहभागाचे मापन : एक ऐतिहासिक टिपण

मानसोपचारात रुग्ण खरोखर सहभागी झाला किंवा नाही, हे कशावरून ओळखावे? या प्रश्नाची जी उत्तरे आजवर मिळाली, त्यांतील प्रत्येकामागे रुग्णाविषयीची एक निराळी कल्पना उभी आहे.

सर्वांत सोपे उत्तर हजेरीचे. केनेथ हॉवर्ड व त्यांचे सहकारी यांनी १९८६ मध्ये ३० वर्षांतील २,४३१ रुग्णांची माहिती एकत्र करून असे दाखविले की, ८ बैठकींपर्यंत सुमारे ५० टक्के, तर २६ बैठकींपर्यंत सुमारे ७५ टक्के रुग्णांत सुधारणा दिसते. बैठक ही येथे औषधाची मात्रा ठरली. परंतु मात्रा घेणारा आणि बैठकीस नुसता येऊन बसणारा, हे दोघे सारखे नव्हेत.

एडवर्ड बॉर्डिन यांनी त्यापूर्वीच, १९७९ मध्ये, उपचारक व रुग्ण यांच्या सख्याचे तीन घटक सांगितले होते : ध्येयांविषयी एकमत, कार्यांविषयी एकमत आणि भावबंध. होर्व्हाथ व ग्रीनबर्ग यांनी १९८९ मध्ये त्यावरून ३६ विधानांची मापनपट्टी रचली. २०१८ मध्ये २९५ अभ्यासांचा एकत्रित विचार झाला, तेव्हा सख्य व फलप्राप्ती यांचा सहसंबंध सुमारे ०.२८ भरला. हा संबंध बेताचा असला तरी उपेक्षणीय नाही. मात्र सख्यामुळे रुग्ण सुधारतो, की सुधारू लागलेल्या रुग्णास उपचारक आपलासा वाटतो, ही शंका सहसंबंधाच्या आकड्याने फिटत नाही.

या दृष्टीने गोव्यातील प्रयोग विशेष विचारार्ह आहे. २०१३ ते २०१५ या काळात तेथील १० प्राथमिक आरोग्यकेंद्रांतून तीव्र स्वरूपाच्या नैराश्याचे ४९५ प्रौढ रुग्ण निवडण्यात आले. त्यांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांखेरीज ६ ते ८ बैठकी मिळाल्या. त्या घेणारे समुपदेशक तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसे होती. विक्रम पटेल प्रभृतींनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतर बैठकी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के व इतरांपैकी ३९ टक्के रुग्ण नैराश्यमुक्त झाले. त्याच वर्षी वेओबोंग प्रभृतींनी बारा महिन्यांचा पाठपुरावा मांडला. रुग्णांनी दैनंदिन व्यवहारात पुन्हा किती हालचाल आरंभली, याचे मापन तिसऱ्या महिन्यात झाले होते. उपचाराच्या टिकाऊ लाभाचा मोठा भाग या क्रियाशीलतेच्या द्वारेच घडून आला, असे त्यांना आढळले. येथे कारण आधी व कार्य नंतर मोजले गेले, हे महत्त्वाचे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास यात आणखी एक गोष्ट दिसते. मराठीत मनाचे व्यापार बहुधा कर्त्याविना सांगितले जातात : 'मला बरे वाटते', 'मन लागत नाही'. रुग्ण येथे अनुभवतो, करीत नाही. त्यातून उपचारकाविषयी प्रश्न विचारला की आदराचे उत्तर येते. 'साहेब चांगले आहेत' एवढ्याने मापनपट्टीचा वरचा टोक गाठला जातो. 'काय वाटते' यापेक्षा 'काल काय केले' या प्रश्नाचे उत्तर अधिक तपासण्याजोगे असते, आणि गोव्यातील पट्टीचे बळ, माझ्या मते, यातच आहे.

१९९९ मध्ये भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात झाडीबोली, पोवारी, गोंडी व हिंदी या भाषा शेजारी शेजारी नांदतात. तेथे अशी पट्टी वापरावयाची, तर प्रमाण मराठीतील भाषांतर पुरेसे ठरणार नाही. रोवणीच्या दिवसांत बांधीत न उतरलेल्या बाईला 'काम केले का' हे कोणत्या बोलीत, कोणत्या क्रियापदाने विचारावे, हे आधी निश्चित करावे लागेल.