पदवी, उपजीविका आणि पदक

आपल्याकडे पॅरा क्रीडेचा इतिहास बहुधा पदकांच्या क्रमाने सांगितला जातो. १९७२ साली हायडेलबर्ग येथे मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर मुक्तशैली जलतरणाची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकून भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले, येथून हा वृत्तांत सुरू होतो. तो खोटा नव्हे. तथापि अपुरा आहे. पदकापूर्वीच्या दीर्घ साधनेच्या काळात खेळाडूच्या उपजीविकेची सोय कशी झाली, हा प्रश्न त्यात उपस्थितच होत नाही. प्रस्तुत टिपणाचा विषय तोच आहे.

या चळवळीचा उगम युद्धात आहे. १९४८ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी भरविलेल्या धनुर्विद्येच्या स्पर्धेत भाग घेणारे सोळा स्पर्धक युद्धातील जायबंदी होते. पेटकर हेही १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले सैनिक. पुढे पुण्यास टेल्को कारखान्यात त्यांना नोकरी मिळाली. पहिल्या पिढीचा आधार असा लष्कराचा आणि कारखान्याचा होता.

पुढील पिढीत पदवीधर दिसू लागतो. मानसी जोशी यांनी २०१० साली मुंबई विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेतली. २०११ च्या अपघातात डावा पाय गमावल्यानंतर त्या नोकरीवर परतल्या आणि २०१९ साली बासेल येथे बॅडमिंटनच्या विश्वविजेत्या झाल्या. सांगली जिल्ह्यातील सचिन खिलारी हे यंत्र अभियांत्रिकीचे पदवीधर. स्पर्धापरीक्षांच्या विद्यार्थ्यांना ते शिकवीतही असत. २०२४ साली पॅरिस येथे १६.३२ मीटर गोळाफेक करून त्यांनी रौप्यपदक मिळविले. या परिवर्तनास कायद्याचीही जोड होती. १९९५ च्या अधिनियमाने शिक्षणसंस्थांत व शासकीय सेवेत किमान तीन टक्के जागा राखल्या. २०१६ च्या अधिनियमाने उच्च शिक्षणातील प्रमाण पाच, तर नोकरीतील चार टक्के केले.

नागपूरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. जन्मांध जलतरणपटू कांचनमाला पांडे या रिझर्व्ह बँकेच्या नागपूर कार्यालयातील कर्मचारी. २०१७ च्या जुलैत बर्लिन येथील स्पर्धेच्या वेळी शासकीय निधी वेळेवर न पोहोचल्याने त्यांना पैशांसाठी इतरांपुढे हात पसरावे लागले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मेक्सिको येथील जागतिक स्पर्धेत त्यांनी २०० मीटर मिश्र शैलीचे सुवर्णपदक जिंकले. नियमित वेतन नसते, तर बर्लिन ते मेक्सिको हे अंतर त्यांना कापता आले असते काय?

येथे आणखी एका वर्गाचा विचार अवश्य केला पाहिजे. पूर्णतः अंध जलतरणपटूंच्या गटात सर्वांना काळा चष्मा लावावा लागतो, आणि भिंत जवळ येताच काठावरील साहाय्यक मऊ टोकाच्या काठीने स्पर्श करून वळण्याची सूचना देतो. त्याचा स्पर्श क्षणभर चुकला, तर खेळाडू भिंतीवर आदळतो. अंध धावकाबरोबर दोरीने जोडलेला सोबती धावतो. सिमरन शर्मा यांना पॅरिस येथे कांस्यपदक मिळाले, तेव्हा त्यांचे सोबती अभय सिंह यांनाही पदक देण्यात आले. नागपूरचे विजय मुनीश्वर यांनी शक्तिउत्तोलनात खेळाडू म्हणून अर्जुन, तर मार्गदर्शक म्हणून २०२० साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळविला. दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीत एकवटू शकतात, हे त्यावरून दिसते.

१९२३ साली स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाने आजवर असंख्य पदवीधर घडविले. रामदासपेठेतील ग्रंथालयात अभ्यास करणाऱ्या धडधाकट विद्यार्थ्यापाशीही एक डोळस नजर आणि दोन समर्थ पाय असतात. सोबती धावकास किंवा काठावरील साहाय्यकास याहून फारसे भांडवल लागत नाही, लागतो तो सराव. २०१६ च्या अधिनियमाच्या तिसाव्या कलमाने क्रीडेतील सहभागाची व्यवस्था शासनाचे कर्तव्य ठरविली आहे. परंतु राखीव जागेवर प्रवेश देऊन विद्यापीठाचे कर्तव्य संपत नाही. पदवीने उपजीविका दिली आणि उपजीविकेने खेळ तगविला, हे आजवर बहुतांशी व्यक्तींच्या चिकाटीने घडले. ते संस्थेच्या योजनेने घडावे, एवढेच या इतिहासाचे मागणे आहे.